ताई, तू ध्यानात नव्हतीस

प्रिय ताई,

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सोनूने दारात आलेल्या शेजारच्या काकूंना गप्प केलं, तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे. आज बसलेच. काकू डबा परत द्यायला आल्या होत्या. आपली नऊ वर्षांची सोनू ओठांवर बोट ठेवून त्यांना म्हणते, "हळू बोला ना काकू, मम्मी ध्यान करतेय."

मी ध्यान करत नव्हते गं! कामावरून आले, पर्स टाकली, भिंतीला टेकून खाली बसले आणि मग उठताच येईना. काकूंचं बोलणं ऐकू येत होतं, खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकू येत होता. "या काकू" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही. सोनूचे पप्पा येईपर्यंत मी तशीच होते. सव्वा तास, ताई.

त्या सव्वा तासात मला कळलं, तू आपल्या मांजर्लीच्या घरात रोज संध्याकाळी काय करत होतीस.

तुझी ती नोकरी! वीज कार्यालयात, तक्रारीच्या फोनवर. ती लोडशेडिंगची वर्षं होती. दिवसातले निम्मे तास लाइट नाही आणि लोकांच्या हाताशी कोण? तू. "ए बाई, तुझ्या घरी बरा उजेड आहे!" उल्हासनगरचे कारखानेवाले तर फोन उचलल्या उचलल्या सुरू. "मॅडम, सो रहे हो क्या? माल पडा है, कारीगर बैठा है!" आणि तू आठ तास एकच वाक्य म्हणायचीस. "तक्रार नोंदवून घेतली आहे, लाइनमन पाठवतो." तुझ्या स्वतःच्या घरी आई मेणबत्ती लावून बसलेली असायची, ते कुणाला सांगणार?

एकदा आईने तुला चहा टाकायला सांगितला आणि तू म्हणालीस, "तक्रार नोंदवून घेतली आहे." आम्ही किती हसलो! आईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. तू हसली नव्हतीस. तू आमच्याकडे बघत होतीस, आम्ही का हसतोय ते न कळल्यासारखी. हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी परत एकदा तुझी नक्कल करून दाखवली होती.

मग तू घरातला फोन उशीखाली दाबून ठेवायला लागलीस. कुकरची शिट्टी झाली की ओटा घट्ट धरायचीस. आई म्हणायची, वयाचं आहे, बेचाळिशीत होतं असं. मी म्हणायचे, लग्न केलं नाहीस, म्हणून सगळ्याचा त्रास करून घेतेस. किती सहज बोलायचे गं मी!

आणि मग तू बसायला लागलीस. सहाच्या सुमाराला घरी यायचं, हातपाय धुवायचे, मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मांडी घालायची. एक तास. मग दीड. तू पूर्वी विहारात ध्यानाच्या शिबिराला जायचीस, तेव्हा आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या कुठल्या घरात बाई अशी बसली असती, तर कुणीतरी तिला हलवून विचारलं असतं, काय झालं? आपल्या घरात आम्ही चपला हातात घेऊन चालायला लागलो. आई दाराशीच लोकांना सांगायची, हळू, ताई बसलीय. मी तर कंपनीत सगळ्यांना सांगायचे, आमची ताई दोन-दोन तास बसते, पापणी हलत नाही तिची!

मला वाटायचं तू आमच्या सगळ्यांच्या पुढे गेलीस. तू निघाली होतीस हे खरं, पण कुठे ते आम्ही पाहिलंच नाही.

विहारातल्या बायकांनी तुला रविवारी शिकवायला बोलावलं. तू गेलीससुद्धा! नाही म्हणायची ताकद लागते, ती तुझ्यात उरली नव्हती, असं मला आता वाटतं. एका बाईने विचारलं, "ताई, इतका वेळ बसल्यावर आतून काय वाटतं हो?" तू म्हणालीस, "काहीच वाटत नाही." आणि आम्ही सगळ्या, मी धरून, वा वा करत राहिलो. मला त्या दिवशी तुझा केवढा अभिमान वाटला होता.

ध्यानाला मी वाईट म्हणत नाही. खरं ध्यान करणारी माणसं उठल्यावर ताजीतवानी दिसतात. तू उठायचीस तेव्हा तुझा चेहरा आजारी माणसासारखा असायचा. हे दिसत होतं ना मला? दिसत होतं. मग?

आता सोनिवलीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं आहे.

आमच्या सोनिवलीच्या नव्या घराचा गृहप्रवेश शनिवारी ठेवला होता. मंगळवारी तुला फोन केला तर तू म्हणालीस, "नंदे, शनिवारी सकाळी मला जरा उल्हासनगरला काम होतं गं." मी उसळलेच. "तुझं मेलं काय काम? सख्ख्या बहिणीच्या घराला यायचं नाही? पुढच्या शनिवारी कर!" तू मग म्हणालीस, "बरं, पुढच्या शनिवारी." आणि आलीस. साठ माणसांच्या पुऱ्या तळल्यास. मी कुणालातरी म्हणाले, बघा, ताई म्हणजे आमचा खांब आहे.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी मी मोठी पातेली परत द्यायला मांजर्लीला आले. लाइट गेलेली होती. आई दारातच म्हणाली, "हळू, ताई बसलीय." मी पातेली एक एक करून गोधडीवर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत चहा प्यायलो. सासूच्या तक्रारी सांगितल्या, सोनूच्या परीक्षेचं सांगितलं. तासभर, ताई! मधे फक्त एक पडदा होता.

साडेसातला लाइट आली. पंखा फिरायला लागला, पडदा हलला आणि तुझ्या मानेवरचे केस उडताना दिसले. तू हलली नाहीस. मी म्हटलं, "आई, आज जास्तच नाही का झालं?" आई म्हणाली, "राहू दे, लागलंय तिचं." आणखी दहा मिनिटं आम्ही तुला तसंच राहू दिलं. मग मी खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका, तासभर तरी झाला असेल. मी त्यांना विचारलं नाही की तासाभरापूर्वी कुणी हात लावला असता तर? दोन वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

आणि लोक काय म्हणाले माहितेय? काय पुण्यवान मरण! ध्यानात गेली! तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी माइकवर उभी राहून तेच म्हणाले. माझी बहीण शांतीत गेली. बायका रडल्या, हात जोडले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सोनूच्या त्या प्रकारानंतर आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. आनंदनगरच्या कंपनीत मी गोळ्यांच्या स्ट्रिपा तपासते, तुला ठाऊकच आहे. एखाद्या खळग्यात गोळी नसली, तर ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची. त्या आठवड्यात एक अख्खा ट्रे माझ्या डोळ्यांसमोरून रिकामा गेला. मी बघत होते आणि मला काही दिसलं नाही. सुपरवायझर ओरडला, "मॅडम, ध्यान कुठेय तुमचं?" मी तिथेच हसायला लागले, थांबताच येईना. बाजूच्या मुली घाबरल्या.

रविवारी मांजर्लीला आले आणि तुझी ऑफिसची बॅग खिळ्यावरून काढली. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. आत केसपेपर होता. उल्हासनगर, कॅम्प तीन, मानसोपचाराचा दवाखाना. तू गेली होतीस! एकटी, कुणाला न सांगता, एकदा गेली होतीस. खाली पुढच्या भेटीची तारीख होती. शनिवार, सकाळी अकरा. माझ्या गृहप्रवेशाचा शनिवार.

कागदाच्या मागे तुझं अक्षर. पुढच्या वेळी काय सांगायचं, ते तू लिहून काढलं होतंस. फोन वाजला की छातीत धडधडतं. झोप लागत नाही. रडू येत नाही. आणि शेवटी, "घरी वाटतं मी ध्यान करते. त्यांना खरं कसं सांगू?"

कसं सांगू म्हणजे? अगं, ओरडायचं होतंस! ताट आपटायचं होतंस! माझ्या त्या साठ माणसांसमोर झारा फेकून म्हणायचं होतंस, मरा सगळे! इतकं कसलं गं आम्हाला जपलंस?

मी त्याच दवाखान्यात गेले. फर्निचरच्या दुकानावरचा जिना, तोंडावर ओढणी घेऊन चढले. तिथे समुपदेशन करणाऱ्या एक सिंधी मॅडम आहेत, साठीच्या. मी आधी विचारलं, माझी बहीण तुमच्याकडे आली होती का? त्या म्हणाल्या, "वो उसकी बात है बेटा. तू अपनी बता." मी काय सांगणार? मी म्हटलं, मी थकलेय, पण मी रोज बसते, आराम करते. तर म्हणतात, "ये आराम नहीं है. शांत होना अलग, सुन्न होना अलग. तेरा शरीर दिनरात पहरा दे रहा है, उसको कोई बोले तो सही कि अब बस." मग त्यांनी मला पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला लावला. दुसऱ्या मिनिटाला मी असं काही रडले, की बाहेर बसलेल्या माणसाने दार उघडून बघितलं.

त्यांनी पुढची वेळ दिलीय. शनिवार, सकाळी अकरा. आणि त्याच शनिवारी तुझा दुसरा स्मृतिदिन ठेवलाय, सकाळी दहाला. विहारातल्या बायका येणार, जेवण आहे, आणि मी बोलायचं आहे. तू ध्यानात कशी गेलीस ते.

मॅडमना फोन करून वेळ बदलून घ्यायची, असं मी ठरवलंच होतं. नंबर फिरवला आणि माझ्याच तोंडून आलं, "पुढच्या शनिवारी चालेल का?" ताई, तेच शब्द! मी फोन ठेवून दिला आणि तशीच मांजर्लीला गेले.

आईला तुझा कागद वाचून दाखवला. ती बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी एकदा पुढे जाऊन बघितलं होतं. तिचे डोळे उघडे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काहीतरी झालंय असं ठरलं असतं. ध्यान म्हटलं की मला बरं वाटायचं."

मी तिच्यावर ओरडणार होते. पण कुठल्या तोंडाने? मी म्हटलं, आई, मी शनिवारी नसेन, तू लोकांना काहीतरी सांग, लग्नाला गेलीय म्हण. तर आई म्हणाली, "लग्नाला कशाला? दवाखान्यात गेलीय म्हणून सांगेन. कुठल्या ते पण सांगेन. आणि माइकवर यंदा मी बोलते." आपली आई, ताई! जी चार माणसांत स्वतःचं नाव सांगायला लाजते.

आज बुधवार आहे. मधे दोन दिवस आहेत आणि मला त्या दोन दिवसांची भीती वाटते. आज सकाळपासून मला जरा बरं वाटतंय, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. बरं वाटतंय म्हणून मी शुक्रवारी सगळ्यांना सांगेन की काही नाही, जरा दमले होते, आणि शनिवारी येऊन पुऱ्या तळीन. मी तुझीच बहीण आहे ना.

म्हणून सोनूच्या पप्पांना सांगून ठेवलंय, मी काहीही म्हणाले तरी ऐकू नका, हाताला धरून रिक्षात बसवा. आणि तुला वचन देते, तुझ्या फोटोला हार घालायला मी त्या दिवशी नसेन. मी अकरा वाजता त्या जिन्यावर असेन, ओढणी न घेता. बरी असले तरी जाईन.

तुझी,
नंदा