समुद्राला तीन मतं

लॉर्ना पोरी,

गाडीचे बर्फात चालवायचे टायर उतरवायला गॅरेजात गेलोय. अलाबामाच्या किनाऱ्यावर त्यांचं काय काम? वसंताच्या सुट्टीसाठी बरणीत टाकलेल्या चिठ्ठ्या उघडल्या. तुझ्या पोरांच्या दोन आणि माझी एक, तिन्ही समुद्राला. 'यंदा घरीच' अशी तुझ्या अक्षरातली होती, ती खारीने खाल्ली.

तिथल्या पेलिकन पक्ष्याने एकदा माझी टोपी पळवली आणि दुसऱ्या दिवशी मासे भरून परत आणून दिली. त्याचे आभार मानायचे राहिलेत.

"डॅरेल मला नि पोरांना सोडून गेला, आता एवढ्या लांब गाडी कोण नेणार," म्हणालीस ना? माझे डोळे गावापुरतेच उरलेत, तेव्हा तू ने. मी शेजारी बसून थापा मारीन, तुला डुलकी लागायची नाही.

बाबा