तिच्या आवाजातली माझी हजेरी

९ मार्च

परीक्षेला बसले! कोर्टाच्या आदेशाने बसले! पण निकाल म्हणे केस संपेपर्यंत राखून ठेवणार. म्हणजे ताट वाढायचं आणि हात धरून ठेवायचा.

वर्गावरच्या बाईंनी आदेशाची प्रत उलटसुलट केली, उजेडात धरून पाहिली — जणू मी घरी छापून आणली होती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पहिला प्रश्न वाचायला घेतला तर अक्षरंच दिसेनात. संतापाने. लाजेने नव्हे.

१० मार्च

आईचं सकाळपासून सुरू — "उगाच कोर्टकचेरी. एक वर्ष गेलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का?"

कोसळणार होतं! जूनमध्ये ज्या ऑफिसात लागायचंय ते माझ्यासाठी वर्षभर थोडंच थांबणार आहे? बाबांचं दुकान बंद आहे. घरात दुसरं कमावणारं कोण?

आणि चूक काय माझी? बाबांचा उजवा हात-पाय गेला, हॉस्पिटलात ठेवलं. आई रात्री थांबायची, मी दिवसा. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली, जाणारच. नियमातच आहे की जवळच्या माणसाचं आजारपण असेल आणि हॉस्पिटलचे कागद असतील, तर ते दिवस मोजायचे नाहीत. कागद दिले. शिक्क्यासकट दिले. उत्तर काय — "विनंती मान्य करता येत नाही." कारण नाही, काही नाही. कायदा शिकवणारी माणसं ही!

म्हणून गेले कोर्टात. शिकाऊ वकील, आणि पहिलीच केस स्वतःची. वर्गात यावर विनोद झालेत म्हणे. होऊ देत.

१४ मार्च

रेडिओ आली होती. पहिल्या वर्षापासूनची माझी मैत्रीण. कुणाचाही आवाज हुबेहूब काढते म्हणून हे नाव. आज प्राचार्य काढले, ग्रंथपाल काढले, मग माझी आई काढली — आई स्वयंपाकघरातून "काय गं?" म्हणत बाहेर आली! बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण किती दिवसांनी हसले.

मग एकाएकी विचारलं — "विद्यापीठाचं उत्तर आलं का गं कोर्टात?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. म्हटलं, तुला कसली घाई? काही नाही म्हणाली. चहा अर्धा टाकून गेली. ती चहा कधी टाकत नाही.

२२ मार्च

माझ्या वकीलबाईंनी विद्यापीठाचं उत्तर माझ्यापुढे सरकवलं. "वाचा. आणि खोटं बोलत असाल तर आत्ताच सांगा."

बाबा हॉस्पिटलात होते त्या सगळ्या दिवसांत पहिल्या तासाला मी हजर! पुढच्या तासांना गैरहजर. आणि खाली — सदर विद्यार्थिनी सकाळी महाविद्यालयात येऊन नंतरच्या तासांना दांडी मारत असे, वडिलांच्या आजारपणाचं केवळ निमित्त आहे.

निमित्त! त्या सकाळी मी बाबांना भरवत होते. घास तोंडाच्या कडेने बाहेर यायचा, पुसायचा, पुन्हा भरवायचा. निमित्त म्हणे!

बाईंना शपथेवर सांगितलं, मी नव्हते. "मग हजेरी कुणी लावली?" म्हणाल्या. मला काय माहीत? तरातरा बाहेर पडले, चालत सुटले. पहिला तास दाखलेवाल्या सरांचा. (प्रत्येक वाक्याला एक दाखला देतात.) ते नावं पुकारतात आणि मान वर करत नाहीत. बाकी तासांना यंत्रावर अंगठा लागतो. अंगठा काही दुसऱ्याचा लावता येत नाही. पण आवाज —

रस्ता ओलांडता ओलांडता कळलं. एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला.

२३ मार्च

ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात रेडिओला गाठलं. नाही म्हणालीच नाही.

"निदान सरांचा तरी तास बुडू नये तुझा, म्हणून."

मला का नाही सांगितलंस?

"तू बाबांच्या पायाशी बसलेली, तुला काय हे सांगत बसू? नंतर सांगणार होते. मग ती नोटीस लागली — दुसऱ्याची हजेरी लावली तर परीक्षाच रद्द. घाबरले मी."

मी काय काय बोलले! कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा? माझ्यावर उपकार करायची खाज होती का? वाटेल ते बोलले. ती कठड्याचा रंग नखाने खरवडत ऐकत राहिली. एकदाही उलटून बोलली नाही. त्याचा आणखीच राग आला.

तिने काही केलंच नसतं तर मी आज सुटले असते. प्रेमाने केलं, मान्य! पण माझा गळा तर कापला ना?

२४ मार्च

जेवण जात नाही. नखं कुरतडून संपली.

२६ मार्च

वकीलबाईंचं स्पष्ट म्हणणं — "हॉस्पिटलचे कागद वडील तिथे होते एवढंच सांगतात. तुम्ही तिथे होतात हे कोण सांगणार? आईचं कोर्ट ऐकेल, पण तोललं जाईल ते हजेरीपुढे. तो आवाज कुणाचा होता ते सांगा. नाहीतर केस मागे घ्या."

म्हटलं, मला माहीत नाही.

चष्मा काढून बघत राहिल्या माझ्याकडे. "खोटं बोलायला अजून शिकायचंय तुम्हाला."

मैत्रिणीचं नाव मी घेणार नाही. हे ठरलं. पक्कं.

२८ मार्च

मी कोर्टातून आले की बाबा विचारतात, "झालं?" एवढा एकच शब्द त्यांना नीट जमतो. मी म्हणते, पुढची तारीख. आज डाव्या हाताने माझं नाव लिहायला बसले होते. पुढे 'वकील' असं लिहायचं होतं. 'व' झाला आणि हात थांबला. आईने कागद घेतला, घडी करून उशीखाली ठेवला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

ठरलेलं पक्कं आहे का? आहे. आहे ना?

३० मार्च

संध्याकाळी रेडिओचा फोन. स्वतःच्याच आवाजात, कुणाची नक्कल नाही. "मी जाऊन सांगू का सगळं? तू म्हणशील तसं."

"वेडी आहेस का, गप्प बस" — एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. आतल्या खोलीत बाबा खोकत होते.

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

ती म्हणाली, "बरं."

मी नाव नाही घेतलं. मी तिला सांग असंही नाही म्हटलं. वकिली अंगात भिनली म्हणायची! फोन ठेवला आणि पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी. आई खूश. लिहितानाही लाज वाटतेय.

३ एप्रिल

वकीलबाईंचा फोन. "तुमच्या वर्गातली एक मुलगी येऊन गेली. सगळं प्रतिज्ञापत्रावर दिलंय. परिणाम समजावले तिला, तरी सही केली." मग म्हणाल्या — "आता केसचा निकाल लागेपर्यंत तिला भेटायचं नाही, फोनही नाही. संगनमत म्हणतील."

मी "हो" म्हटलं. जरा जास्तच पटकन म्हटलं.

१० एप्रिल

फलकावर नोटीस. रेडिओची परीक्षा रद्द, पुढचं वर्षभर प्रवेश नाही. पुढे सरकून वाचायचा धीर झाला नाही. घोळक्यातूनच कुणीतरी मोठ्याने वाचली. मला वाट करून दिली सगळ्यांनी — सांत्वनाला आल्यासारखी.

दाखलेवाले सर जिन्यात भेटले. एकही दाखला न देता म्हणाले, "मान वर करायला हवी होती मी." आणि वर निघून गेले.

आई म्हणते, "पोरीने तुझ्यासाठी केवढं केलं! घरी बोलाव की तिला." मी म्हटलं, कोर्टाचं आहे, भेटता येत नाही. आई बिचारी कोर्टाला घाबरते.

कोर्ट असं काहीच म्हणालेलं नाही. वकीलबाई म्हणाल्यात. पण बरं पडतंय.

१७ एप्रिल

जिंकले! निकाल ताबडतोब जाहीर करा, असा आदेश. सोबत आलेल्या काकांनी तिथेच मला मिठी मारली, आईला फोन लावला, फोनवर बाबांचं "झालं? झालं?" ऐकू आलं. वकीलबाई फायली आवरत हळूच म्हणाल्या, "आता तिला भेटायला हरकत नाही."

ती दाराबाहेरच होती. भिंतीला टेकून, हात वर करून. हसत होती.

काका म्हणाले, "ती कोण गं? तुलाच हात करतेय."

"वर्गातली आहे एक," म्हटलं, आणि काकांना घेऊन खाली उतरले.