तुह्यासाठी तं गोटाच आहे

४ डिसेंबर २०२४

झाली कटकट सुरू! सकाळी सातलाच रूपरावभाऊंनी माणसं लावून खड्डे खोदायला घेतले. रानडुकरांसाठी झटक्याचं कुंपण घालायचं म्हणे. डुकरं येतात हे खरंच — बोर धरणाचं जंगल इथून असं कितीसं दूर! हिंगणीत कोणाचाच हरभरा धड राहत नाही. पण खांब कुठे? तर थेट आमच्या धुऱ्याला, बांधालाच, खेटून. म्हणजे मधली सात पावलांची पट्टी त्यांची!

ती पट्टी म्हणजे कुसुमबाईची वाट. पांदणीला लागून एका अंगाला रूपरावभाऊंचं वावर, दुसऱ्या अंगाला आमचं, आणि दोघांच्या मागे तिचं. मधल्या पट्टीतून तिची बैलबंडी जाते. कुंपण झालं की तिचं वावर कोंडलं. नवरा गेल्यापासून एकटी करते, दोन एकर वांगी. पोती काय डोक्यावर वाहून आणायची तिनं?

ती खड्ड्यापाशी उभी राहून ओरडत होती — "मी लग्न होऊन आली तवापासून हेच वाट आहे! थो पयसाचा खुंट पाहा, थो धुऱ्यावरच आहे!"

रूपरावभाऊ शांत. "पयस माह्या वावरात होता. धुरा तं मोहिनीबाईच्या कडंनं आहे."

आणि दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी विळा हातात घेऊन सांभाराच्या वाफ्यात कोथिंबीर कापत होते. क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "पळस धुऱ्यावरच होता. त्याच्या सावलीत बसून मी किती वेळा भाकर खाल्ली आहे, वाट माझ्या पायाशी होती."

बोलले आणि परत कापायला बसले. एकट्या बाईला कोंडतात म्हणजे काय!

५ डिसेंबर

मोजणीची तारीख मार्चची मिळते आहे. तोवर अर्धं पीक डुकरांच्या पोटात. रूपरावभाऊ थांबायला तयार नाहीत.

म्हणून अण्णाजींनी निकाल दिला. (गावात सगळ्यांत वयस्कर. मातामायचं ठाणं तेच झाडतात, तंटा झाला की लोक त्यांच्याच ओट्यावर जातात.) रविवारी साक्षीदारानं मातामायच्या गोट्यावर हात ठेवून सांगायचं. सांगेल ते दोघांनी मानायचं. गावात हेच चालत आलं आहे. हात ठेवून खोटं बोललं तर सव्वा महिन्यात घरावर येतं म्हणतात.

साक्षीदार कोण? मी! त्या कोपऱ्यात आमच्या तीन घरांशिवाय कोणी फिरकत नाही, जुनं कोणालाच आठवत नाही. आमचे हे, किशोर, तेव्हा नागपूरला नोकरीत, महिन्यातून एकदा यायचे. म्हणजे मीच. गावात देव न मानणारी बाई एकच, आणि नेमकी तीच साक्षीदार! हसावं की रडावं?

६ डिसेंबर

आज बाजारात पालक विकता विकता कान किटले. जी ती थांबते आणि विचारते — "रविवारी हात ठेवशीन काय वो?"

अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे. आज सगळं लिहूनच काढते.

"काईतरी दुःख झालं असन हिले, म्हनून देवावर रागावली." अगं बाई, काही झालं नाही! लेक धडधाकट, नवरा धडधाकट, घर उभं. नववीत होते तेव्हा विचार केला, पटलं नाही, संपलं. जो नाहीच त्याच्यावर रागावू कशी?

"अडचन आली का जोडन हात." ह्यांना डेंग्यू झाला तेव्हा नऊ दिवस दवाखान्यात होते. जोडले हात — डॉक्टरांपुढे, नर्सपुढे, रक्त द्यायला आलेल्या पोरांपुढे. कोणी अंगारा आणला तोही ह्यांच्या कपाळाला लावला, कारण ह्यांना बरं वाटत होतं. तर गावभर — "पाह्यलं? लावला ना अंगारा!"

"प्रसाद चालत नसन तुले." शिरा? दोनदा घेते!

"धरम बदलला असन." कोणता? तेवढं तरी सांगा!

हे रोज सकाळी अगरबत्ती लावतात, मी बाजूला चहा गाळते. अठ्ठावीस वर्षांत त्यावरून एक भांडण नाही. (साखरेवरून रोज.) पण वांग्याला भाव मिळाला की ह्यांच्या पूजेनं, गारपीट झाली की माझ्यामुळे! गारपीट काय एकट्या माझ्यामुळे सेलूपर्यंत पडली?

आणि सगळ्यांत झोंबणारं — आज रूपरावभाऊ पाटीपाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "जिले देवाचा धाक नाई, तिले खोटं बोलाले काय लागते?"

माझ्याकडून पालक घेताना एक माणूस काट्याकडे पाहत नाही. एक! तेव्हा कोणाचा धाक असतो मला?

७ डिसेंबर

कुसुमबाई दुपारी आली. चहा घेतला नाही.

मी आधीच सांगून टाकलं — साक्ष देईन, पण हात ठेवणार नाही.

"काऊन?"

म्हटलं, ज्याला मानत नाही त्याची शपथ घेतली तर तेच खोटं झालं. खरं सांगायला खोट्यापासून सुरुवात करू?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं! म्हणाली, "मोहिनीबाई, तुह्यासाठी तं गोटाच आहे ना थो? मंग गोट्यावर हात ठेवाले तुले काय होते? धुनं धुताना गोट्यावरच हात असते ना तुहा! माहं वावर जाऊन राह्यलं अन् तू तत्त्व सांगून राह्यली!"

खरंच की, माझ्यासाठी दगड. मग हात का अडतो? गर्व आहे का हा? गावापुढे 'मी वेगळी' म्हणून मिरवायचं आहे का मला? तिची वाट जाते आहे आणि मी माझं मिरवणं सांभाळते आहे?

पण त्यांच्यासाठी तो दगड नाही ना. तिथे हात ठेवला की ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, माझ्या भीतीवर ठेवतील. आणि ती भीती माझ्यात नाहीच. म्हणजे फसवणूकच की.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुले जे वाटते थे कर. मी आपल्या दोघाईच्या वाटची अगरबत्ती लावतो." ह्यांचं काय जातं!

८ डिसेंबर, सकाळ

चित्त थाऱ्यावर नाही. सांभार कापायचा तर पालक कापून बसले. दोन वेळा चहा उतू गेला. दहाला जायचं आहे.

८ डिसेंबर, संध्याकाळ

सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. लिंबाखालचं ते ठाणं, शेंदूर लावलेला गोटा, हिरव्या बांगड्या, नारळ. अण्णाजी म्हणाले, "ये मोहिनी. ठेव हात अन् सांग."

मी पुढे गेले. चपला काढल्या — ती जागा त्यांची म्हणून. आणि हात पदरात ठेवून म्हटलं, "अण्णाजी, मी हिला मानत नाही. हात ठेवला तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मी जे पाहिलं ते सांगते. ठेवायचा तर माझ्यावर विश्वास ठेवा, नाही तर दुसरा साक्षीदार बघा."

काय गलका झाला! "मातामायचा अपमान!" "घाबरली!" "खोटं आहे म्हनूनच हात ठेवून नाई राह्यली!" कुसुमबाई डोक्याला हात लावून खाली बसली. तिच्याकडे पाहवेना. वाटलं, मोहिनी, ठेव बाई हात, मिटव! हात उचललाही होता थोडा. खरं सांगते, उचलला होता.

तेवढ्यात अण्णाजींनी काठी आपटली. "चूप बसा रे! आजलोक किती जनाईनं इथं हात ठेवला अन् किती खोटं बोलले, मले मालूम नाई काय? मी रोज झाडतो इथं! हे बाई हात ठेवून मोकळी झाली असती. तुमाले समजलं बी नसतं. थे नाई म्हन्ते, म्हंजे तिच्या बोलन्याले वजन आहे. मोहिनी, बोल. तुहा शब्द धरतो आमी."

मी सांगितलं — पळस धुऱ्यावर होता, वाट पहिल्यापासून आहे.

रूपरावभाऊ एवढंच म्हणाले, "बरं. अण्णाजीनं धरला तं मी बी धरला." आणि गेले. वाद नाही, शिवी नाही. उद्या खांब पळसाच्या खुंटावरून जातील.

हात न ठेवता साक्ष! गावात पहिल्यांदा!

९ डिसेंबर

आज पीठगिरणीवर मला पुढे जाऊ दिलं. मान ताठ झाली आहे, खोटं का बोलू? फार बरं वाटतंय. कुसुमबाईनं टोपलंभर वांगी आणून टाकली, घेणार नाही म्हटलं तर रडायला लागली.

१३ डिसेंबर

हे लिहू नये असं वाटतंय.

गुंजनचा पुण्याहून फोन आला. "आई, ऑफिसात सगळ्यांचे लहानपणचे फोटो लावून राह्यले, माझा एक पाठव ना." पेटी काढली. ती सहा वर्षांची असतानाचा फोटो सापडला. आमच्या वावरातली सीतादही — पहिल्या वेचणीच्या पूजेचा दहीभात. ह्यांनी नागपूरहून मित्राचा कॅमेरा आणला होता. मला पूजेशी घेणं नाही, पण दहीभात मीच कालवला होता. पोर आमच्या धुऱ्यावर वाटी घेऊन उभी, नाकाला दही.

तिच्या मागे पऱ्हाटी. पांढरीशुभ्र, आमच्या धुऱ्याला लागून. पऱ्हाटीच्या मधोमध पळस. पळसाच्या अलीकडे पऱ्हाटी, पलीकडे पऱ्हाटी, ओळी सलग. आणि अलीकडच्या ओळीत, गुंजनपासून दोन हातांवर, तरणेताठे रूपरावभाऊ कापूस वेचत आहेत.

वाट नाही. कुठेच नाही.

आणि मग आठवलं. एकदम, कोणी थोबाडीत द्यावी तसं. त्यानंतरच्या पावसाळ्यात मागचा नाला फुटला, कुसुमबाईच्या सासऱ्याची जुनी वाट वाहून गेली. रूपरावभाऊंनी सात पावलं सोडली — "जा बापा इकडून." मी भाकर खाल्ली ती त्यानंतर! त्या वाटेवर! नंतरचं मी आधीचं करून बसले. आणि किती ठामपणे!

रूपरावभाऊंना सगळं माहीत होतं. तरी म्हणाले, "मी बी धरला."

१४ डिसेंबर

कुसुमबाईला फोटो दाखवला. आधी तिलाच दाखवायला हवा होता.

तिनं फोटो उजेडात धरून पाहिला. मग दार लोटून घेतलं. हलक्या आवाजात म्हणाली, "हे दुसऱ्या कोनं पाह्यलं?"

"कोणी नाही."

"मंग चुलीत घाल."

मी फोटो पदराखाली घेतला.

"तू तं हात बी नाई ठेवला. शपथ नाई, तं पाप नाई. अन् देव तं तुह्यासाठी नाईच. मंग तुले कोन पाहून राह्यलं मोहिनीबाई?" आणि माझा हात धरला. तिचा हात गरम होता, घट्ट. "माहं वावर कोंडन वो."

मी फोटो घेऊन घरी आले. चूल पेटलेली होती. पाच मिनिटं समोर बसले होते. तिचं सगळं खरं आहे. मला कोणी पाहत नाही. सव्वा महिन्यात काही होणार नाही. कुंपण झालं आहे, गाव मान देतं आहे, एका गरीब बाईची वाट राहते आहे. कोणाचं काय बिघडतं? रूपरावभाऊंची सात पावलं. त्यांना नाही तरी दहा एकर आहे!

बस, हेच सगळे चोर म्हणत असतील.

कोण पाहतं म्हणे! मी पाहते ना. मला तर उठून कुठे जाताही येत नाही.

१५ डिसेंबर

दहाला पुन्हा ठाण्यापाशी. मीच सगळ्यांना बोलावलं. फोटो अण्णाजींच्या हातात दिला आणि मोठ्यानं सांगितलं — चुकले. पट्टी रूपरावभाऊंची आहे. माझ्या शब्दावर तुम्ही निकाल दिला, शब्दच चुकीचा होता.

अण्णाजींनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग गोट्याकडे वळून हात जोडले. "मातामायनंच दाखोलं! पाह्यलं का रे? हात नाई ठेवला तरी तिनं सोडलं नाई!" सगळे हात जोडायला लागले. रूपरावभाऊ म्हणाले, "धाक आहे म्हना मंग हिले बी!"

म्हटलं, "अण्णाजी, पेटी मीच उघडली हो." कोणी ऐकलं नाही.

कुसुमबाई केव्हा उठून गेली कळलंच नाही.

१७ डिसेंबर

रूपरावभाऊंचं कुंपण आमच्या धुऱ्याला सरकलं. कालपासून सांभाराचे वाफे मोडते आहे. आमच्या धुऱ्याच्या अलीकडे, पांदणीपासून मागपर्यंत, सात पावलं. हे म्हणाले, "हे कोन्या देवानं सांगतलं तुले?" आणि फावडं घेऊन आले.

कुसुमबाई बोलत नाही. आज तिची बंडी तिथून गेली.