पॉझिटिव्ह

प्रिय बाबा,

छोटीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, हे आईने तुम्हाला फोनवर हसत हसत सांगितलंच असेल. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असं तिला वाटतंय. कॅन्सर परत उलटलाय, हे घरात मला एकटीलाच कळलंय, असा माझा समज होता. खरं तेच बोलावं म्हणून तुमच्याशीही भांडणारी मी, गप्प बसले. आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवत होती.

छोटी माझ्या कानाशी आली. "ताई, पॉझिटिव्ह म्हणजे परत सुया ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग आईला आत्ता नको सांगूस. जेवू दे तिला."

आईला सकाळी सांगेन. हे पत्र मात्र टाकणार नाही. आज तुम्हीही पोटभर जेवा.

तुमची,
घरातली पहिली ग्रॅज्युएट