कुसुमची ओवी

चिंचकाठी, ता. इंदापूर
१३ जानेवारी २०२५

चि. आनंदास अनसूयाआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर नुसता आरडाओरडा होतो, म्हणून पुन्हा कागद हातात घेतला आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, सातवीपर्यंतचंच आहे.

आमच्या धरणकाठच्या गावाने खरंच कात टाकली. शनिवार-रविवार पुण्याचे पाहुणे रोहित पक्षी बघायला येतात. होड्या गावचीच माणसं चालवतात, शेजारची वहिदा मासे रांधून घालते, आणि ह्या सगळ्याच्या कमाईतून गावच्या पर्यटन समितीने घरोघर नळ आणला. माझ्या नळाखाली पहिली कळशी भरली तेव्हा मी उंबऱ्यावर बसून रडले. माझी कुसुम नऊ वर्षांची, कळशी घेऊन ह्याच पाण्यावर गेली आणि गाळात रुतली. नळ यायला बेचाळीस वर्षं उशीर झाला.

आता गाऱ्हाणं ऐक. समितीच्या सर्जेरावने काठावर ‘जुनं घर’ म्हणून एक छपरी उभारली आहे. तिच्यात जातं मांडलं आहे आणि जात्यावर मला. मी दळायचं, ओव्या म्हणायच्या, पाहुण्यांनी फोटो काढायचे. गावात गिरणी आली त्या दिवशी मी जात्याला हात जोडून सुटले होते, ते त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा मानगुटीवर बसलं. खांदा तर पार कामातून गेला.

खांद्याचंही सोसलं असतं. पण महिन्यापूर्वी दळता दळता भान राहिलं नाही आणि कुसुमची ओवी तोंडातून निघाली. कळशी तरंगत परत आली, पोर आली नाही, एवढंच त्या ओवीत आहे. ती मी आजवर दार लावून एकटीच म्हणत आले. पाहुण्या बायका रडल्या. तेव्हापासून सर्जेराव म्हणतो की आक्का, बाकीच्या ऱ्हाऊ द्या, तीच म्हणा, पाव्हण्यांना तीच लागती. मी नको म्हटलं, तर म्हणाला, घरात नळ गावानं आणला, मग गावासाठी येवढं न्हाय व्हणार व्हय?

आनंद, मला बारामतीला ने. जिन्याखालची खोली मला पुष्कळ झाली. तुझ्या सुनेला, दीप्तीला स्वयंपाकात मदत करीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लवकर कळव. मोहितला आशीर्वाद.

तुझी आक्का


बारामती
२४ जानेवारी २०२५

ती. आक्कास आनंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आक्का, तू तर आता मोठी माणूस झालीस! पेपरात तुझा जात्यावरचा फोटो आला होता. सूनबाईंनी तो कापून फ्रिजवर लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवतो की ही माझी सख्खी बहीण.

जिन्याखालच्या खोलीत मोहितने इन्व्हर्टर आणि त्याची व्यायामाची सायकल ठेवली आहे. शिवाय इथे तुला कोण ओळखतं? आमच्या कॉलनीत शेजारी मेला तरी तिसऱ्या दिवशी कळतं. तुझा जीव रमायचा नाही. खांद्यासाठी तेल पाठवतो आहे, कोमट करून चोळ.

आनंदाची बातमी म्हणजे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल मी तुझ्याच गावाला ठरवली आहे. दोन मार्च, रविवार, चाळीस जण. जात्यावर भावाच्या ओव्या म्हणतातच, त्यात माझं नाव घाल म्हणजे मंडळींत माझी कॉलर ताठ होईल. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा धाकटा
आनंद


चिंचकाठी
९ फेब्रुवारी २०२५

चि. आनंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेल पोचलं. वहिदा रोज रात्री चोळून देते आणि चोळताना तुला चार शिव्या देते, त्या लिहीत नाही.

सहल आण. तुझ्या नावाची ओवी म्हणेन, दोन म्हणेन. लहानपणी तुला मांडीवर घेऊन दळलं आहे, तेव्हाही तुझंच नाव होतं. पण त्या बदल्यात दोन गोष्टी मागते.

एक, त्या दिवशी कुसुमची ओवी मला म्हणायला लावू नका. सर्जेराव माझं ऐकत नाही, बारामतीच्या पाहुण्याचं ऐकेल. तू त्याला बाजूला घेऊन सांग. तुला जास्त काय सांगायचं? पोरीला गाळातून तूच उचलून आणलंस. तिच्या केसांतला चिखल मी धूत होते तेव्हा कळशीने पाणी तूच घालत होतास.

दुसरी, परत जाताना मला बसमध्ये घे. पिशवी भरून ठेवली आहे. दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कुसुमचा परकर, बाकी काही नाही. खोली नसेल तर मी व्हरांड्यात पडेन. वाट बघते.

आक्का


बारामती
६ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

सहल इतकी झकास झाली की संघात अजून तोच विषय चालू आहे. वहिदाबाईंच्या हातचा मासा, ते गुलाबी पक्षी आणि सगळ्यांत वर तू. माझ्या नावाची ओवी झाली म्हणे, सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

पुढे मंडळींनी ती दुसरी मागितली. तू मान हलवलीस ते मी पाहिलं. पण आक्का, चाळीस माणसं माझ्या शब्दावर आलेली. म्हणून मी पुढे होऊन तुला हात जोडले. धाकट्याचे जोडलेले हात तू झिडकारणार नाहीस याची खात्री होती. मला काही ऐकू आलं नाही, पण एकेकाचा रुमाल बाहेर निघाला तेव्हा समजलो की चांगली झाली.

बसमध्ये पुढच्या सीटवर तुझी पिशवी दिसली. बस गच्च होती, म्हणून ती मीच उतरवून वहिदाबाईंच्या हाती दिली. तू अजून जात्यापाशीच बसली होतीस, त्यामुळे निरोप राहिला.

आता मुद्द्याचं सांगतो. मोहितच्या चांगल्या फोनवर मी तुझी ती ओवी पूर्ण रेकॉर्ड केली आणि सर्जेरावांना दिली. ते छपरीत स्पीकर लावणार आहेत. जातं फिरवायला त्यांची सून उत्कर्षा बसेल. तुझा खांदा कायमचा सुटला! म्हणजे तुला गाव सोडण्याचंही कारण उरलं नाही. भावाने काही केलं नाही असं आता म्हणू नकोस. लोभ आहेच.

आनंद


चिंचकाठी
२४ मार्च २०२५

आनंद,

पत्र मिळालं. खांदा बरा आहे.

स्पीकर लागला. शनिवारी तीनदा, रविवारी चारदा, आणि अधूनमधून नीट चालतो का ते बघायला. पाण्यावरून आवाज लांब जातो, माझ्या घरात तर चुलीपर्यंत येतो. उत्कर्षा नऊवारी नेसून रिकामं जातं फिरवते. शेवटच्या ओळीला मला हुंदका आला होता, तो तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आला आहे. आता हुंदका दर वेळी त्याच जागी येतो, आणि उत्कर्षा बरोबर तेव्हाच पदर डोळ्यांना लावते. पोरगी वाईट नाही, तिला तसं शिकवलं आहे.

मी सर्जेरावकडे गेले. पाया पडते म्हटलं, तेवढी एक ओवी पुसून टाक. तो म्हणाला, आक्का, आता तुमाला कसला तरास हाय? तुमी घरी बसा की. आवाज आता गावाचा झाला.

परवा कुसुमची तिथी होती. दरवर्षीसारखं दार लावून घेतलं, तिचा परकर मांडीवर घेतला आणि ओवी म्हणायला लागले. बाहेर स्पीकर चालू होता. माझाच आवाज माझ्या पुढे पळत होता आणि मी मागे राहत होते. हुंदका बाहेर स्पीकरवर आला, मला आला नाही. दोनदा प्रयत्न केला. आता ती ओवी मला म्हणता येत नाही, आनंद. माझ्याजवळ पोरीचं तेवढंच होतं.

पिशवी सोडून लुगडी दोरीवर टाकली. मला न्यायला येऊ नकोस, मीही आता विचारणार नाही. तुला ऐकू येत नाही हे बरंच आहे, नाहीतर बारामतीहूनही ऐकू आलं असतं.

लोभ आहेच, असं तू दर पत्रात लिहितोस. तो आता माझ्यावर करू नकोस.

अनसूया