कलिंगड आत ठेवायचं

सिंहगड रोड, पुणे
५ ऑगस्ट २०२५

चि. साईनाथ यास,
अक्काचे अ. आ. वि. वि.

फोन सोडून कागद का, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की आई स्पीकर लावायला सांगते आणि शेजारी येऊन बसते. तिच्याबद्दलचं तिच्यासमोर काय बोलणार? उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

गेल्या आठवड्यात आई गॅसवर दूध ठेवून खाली भाजीवाल्याशी भांडायला गेली. मार्केट यार्डात इतकी वर्षं गाळा चालवल्यामुळे दारावरच्या कुठल्याच भाजीवाल्याला माल कळत नाही, असं तिचं ठाम मत आहे. मेथीवरून भांडण रंगलं. वर पातेल्याला भोक पडलं, धूर जिन्यात आला, शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं. आई वर आली आणि पहिल्यांदा कुलपाचं काय, ते विचारलं. तिच्यासाठी ठेवलेली तिसरी बाईही गेली. जाताना मला म्हणाली की आजींचं करणं जड नाही, आजींचं ऐकणं जड आहे.

मी डायरीत लिहून पाहिलं: मला आईची काळजी वाटते, की संध्याकाळी घरात शांतता हवी आहे? दोन्ही वाक्यं खरी वाटली. मग पान उलटलं.

आमच्या प्राणिसंग्रहालयात सध्या हिराची धामधूम आहे. हिरा म्हणजे आमची पाणघोडी. तळं गळायला लागलं तेव्हा तिला गुजरातेत पाठवली होती. तळं आता नवं झालंय. दिवाळीच्या सुट्टीआधी तिला परत आणायची आहे. तिला सांभाळणारा हिंदुराव तिकडे जाऊन राहिलाय, कारण दीड टनाचं जनावर ढकलून पिंजऱ्यात घालता येत नाही. पिंजरा तिच्या वाटेवर नुसता ठेवून द्यायचा, दार उघडं. खाणं आधी बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत. ती आत जाऊन खाते, बाहेर येते, पुन्हा जाते. पिंजरा म्हणजे जेवणाची खोली, असं तिला वाटायला लागलं की एक दिवस दार पाडायचं. हे मी आईला जेवताना सांगितलं, तर तिने आमचं चुकतंय कुठे ते लगेच दाखवलं. कोबीवर कोणी फसत नाही, म्हणाली, कलिंगड आत ठेवा. हिंदुरावला कळवलं. खरंच हिरा दुसऱ्या दिवशी मान आत घालून आली.

ऋतिकाला आणि पोरीला आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


होसूर
१४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
साईनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऋतिकाला वाचून दाखवलं. कलिंगडापाशी आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर ऋतिका म्हणाली की ताईंनी उपाय स्वतःच लिहून पाठवलाय आणि त्यांना तो दिसत नाहीये.

आईला इकडे आणता येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. इथले भाजीवाले तमिळ बोलतात, ती भांडणार कोणाशी? महिन्याभरात ती खंगेल, आणि त्याच्या आधी ऋतिका खंगेल.

येरवड्याला एक वृद्धाश्रम आहे. ऋतिकाच्या मावशी तिथे असतात. रविवारी बाहेरच्यांनाही जेवायला येता येतं, जेवणानंतर बायका पत्ते खेळतात. आपल्या आईला तीनशे चार खेळायला अण्णा गेल्यापासून जोडीदार नाही. तू तिला फक्त जेवायला ने. दार उघडंच आहे की.

चिडू नकोस. चिडलीस तरी पत्र फाडू नकोस, तुझ्या डायरीत कामाला येईल. लोभाचं माप कमी करू नये.

तुझा,
साईनाथ


पुणे
८ सप्टेंबर २०२५

चि. साईनाथ यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका राग आला की मी ते ऑफिसच्या खणात कुलपात ठेवलं. आणि पुढच्या रविवारी आईला येरवड्याला घेऊन गेले. मी स्वतःला सांगितलं की फक्त जेवायला. स्वतःला सांगितलेलं मी नेहमी तपासून बघते. त्या दिवशी तपासलं नाही.

येरवडा म्हटल्यावर आईने विचारलं की थेट तुरुंगातच नेतेयस का, निदान गुन्हा तरी सांग. पहिल्या रविवारी पर्स मांडीवर धरून जेवली. आमटीला कैद्यांच्या आमटीचा दर्जा दिला. दुसऱ्या रविवारी एका निवृत्त नर्सबाईंनी तिला पत्त्यांना बसवलं आणि आईने त्यांचे तीन डाव मारले. काल मी अंघोळीहून आले तर ती नवं लुगडं नेसून दारात उभी. उशीर करू नकोस, म्हणाली, माझी जागा दुसरी कोणी घेईल. मी केस न पुसताच गाडीची किल्ली घेतली.

तिकडे हिरा आता पूर्ण आत जाते आणि पिंजऱ्यातच डुलकी काढते. आई रोज जेवताना तिची बातमी विचारते आणि मी सगळं सांगते. हिराला कळत असेल का, असं मी परवा म्हणाले. आई म्हणाली की कळत असेल, पण कलिंगड गोड असेल तर कोण बोलून दाखवतं.

हिंदुरावचा एक नियम आहे. ज्याच्या हातून जनावर खातं, त्याने दार पाडायचं नाही. पाडलं तर ते त्या हातून पुन्हा खात नाही. म्हणून दार तिथला दुसरा माणूस पाडणार, हिंदुराव तेव्हा समोरसुद्धा नसणार.

तर साईनाथ, नेण्याआणण्याचं मी करतेय. ज्या दिवशी तिला ठेवायचं, त्या दिवशी तू ये. तू तिला सांग. मुलगा म्हणून नव्हे, दुसरा माणूस म्हणून. एवढं केलंस तर तुझ्याकडे आयुष्यात काही मागणार नाही.

आपुलकी टिकव.

अक्का


होसूर
१७ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या रविवारी येतो. तिकीट काढलंय. आश्रमाच्या व्यवस्थापकांशी बोलून खोलीही ठरवली, खिडकी रस्त्याकडे आहे, तिला रहदारीला नावं ठेवता येतील. कपड्यांची बॅग ती झोपल्यावर भर आणि डिकीत ठेव. बाकी मी बघतो.

पण एक सांग, हिराचं सगळं तू आईला सांगतेस कशाला? तुझा हा खरेपणा एक दिवस आपल्याला महागात पडेल. खोटं बोलवत नसेल तर निदान गप्प बस.

तू फक्त कलिंगड धर. स्नेह असू दे.

साईनाथ


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

साईनाथ,

मायना लिहायला हात होत नाही, माफ कर.

शनिवारी संध्याकाळी तुझा निरोप आला की मुलीची परीक्षा आहे, येणं जमत नाही, अक्का तू समर्थ आहेस. बॅग तोवर डिकीत गेली होती. खोली ठरली होती. मी रविवार पुढे ढकलू शकले असते. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला सांगेन की इलाज नव्हता. इलाज होता. पुन्हा एक आठवडा तिला त्या आनंदात तयार होताना बघणं मला नको होतं.

आई जेवली. श्रीखंडाला बरं म्हणाली. मग पत्त्यांना बसली, नर्सबाई तिच्या जोडीदार. मी व्यवस्थापकांकडे बॅग दिली, सह्या केल्या आणि आईला सांगायला गेले. सांगायलाच गेले होते, साईनाथ. तिच्या मागे उभी राहिले. तिच्या हातात चांगली पानं असावीत असं वाटलं. तिने मागे न बघता हात हलवला आणि म्हणाली, तू जा, गाडी काढ, आलेच.

मी गेले. गाडी काढली. फाटकातून बाहेर आले, पुलावर आले, आणि मग घरी आले. संध्याकाळी आश्रमातून फोन आला की आजी शांत आहेत, कसलीही चौकशी केली नाही.

काल हिरा आली. तिकडच्या माणसाने दार पाडलं, ट्रकमधून रस्ताभर पाणी मारत आणली. पिंजरा उघडल्यावर ती थोडी थांबली, हुंगलं, आणि सरळ तळ्यात उतरली, जशी कधी गेलीच नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावने कलिंगड पुढे केलं, तिने त्याच्या हातून खाल्लं. मी ऑफिसात येऊन दार लावून घेतलं.

घरात शांतता आहे. हवी होती तशीच आहे.

अक्का


होसूर
१८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

झालं ते चांगलं झालं. आता महिनाभर तिकडे फिरकू नकोस, फोनही करू नकोस, नाहीतर ती रुळणार नाही. दिवाळीचा फराळ मी परस्पर पाठवतो. भाऊबीजेला मी येणार नाही, वाट बघू नकोस. तू तिच्यासाठी किती केलंस हे मी सगळ्यांना सांगतो. मनात काही ठेवू नये.

साईनाथ


येरवडा (तुरुंग नव्हे)
३० ऑक्टोबर २०२५

चि. दर्शनी हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन नाही, तेव्हा कागद घेतला. अक्षर समजून घे, गाळ्यावर पावत्या लिहिल्या तेवढाच सराव हाय.

माझी तब्येत बरी आहे. साईनाथचा फराळ मिळाला. चकल्या दुकानातल्या होत्या, नर्सबाईंनी खाल्ल्या. त्यांना दात नाहीत, त्या चोखत बसतात.

माळ्यावरची निळी बॅग गेल्याचं मला शुक्रवारी रात्रीच दिसलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीत कपाट उघडायचं तर बिजागरीला तेल घालावं. माझी जांभळी शाल तू विसरलीस, ती थंडीआधी पाठव.

त्याच्याही आधीचं सांगते. पहिल्या रविवारी आमटी खाऊन परत येताना मला कळलं होतं. कसं नाही कळणार? रोज ताटावर तूच शिकवत होतीस की. आज मान आत, आज दोन पाय आत, आज डुलकी. मी मनाशी हिशेब लावत होते, हिरा कुठवर आली, मी कुठवर आले. कलिंगडाचं तर मीच सांगितलेलं.

तरी येत राहिले. एक तर पत्त्यांत मन रमलं, खोटं कशाला बोलू. आणि दुसरं, मला बघायचं होतं. साईनाथ येणार नाही हे मला माहीत होतं, तो शाळेच्या गॅदरिंगलाही ऐन वेळी ताप काढायचा. तू काय करतेस तेवढं बघायचं होतं. तू मागे येऊन उभी राहिलीस तेव्हा माझ्या हातात कामाचं एकही पान नव्हतं. मी म्हटलं, हिला एक संधी देऊ. गाडी काढ, आलेच, म्हटलं. म्हटलं, ही आता म्हणेल की आई, गाडीत बसायचं नाही. किंवा म्हणेल, चल. काहीतरी म्हणेल.

तू गाडी काढलीस. लहानपणापासून तू सांगितलेलं ऐकणारी.

हिराचं पेपरात वाचलं. नर्सबाईंनी फोटो कापून भिंतीला लावलाय. हिंदुरावच्या हातून खाल्लं म्हणे तिने. तिला तुम्ही तिच्या घरी परत नेलंत, म्हणून खाल्लं.

रडू नकोस, आणि हे डायरीतही लिहू नकोस. तुझ्यावर माझा राग न्हाई. तू एकटी आहेस, पंचेचाळिशी उलटली, गुडघे आत्ताच वाजतात. गॅस तूही विसरतेस, मी गुपचूप बंद करायची, ते आता कोण करणार. तेव्हा तुझं बघायला हवं.

येत्या रविवारी जेवायला ये. आमटी सुधारली आहे. पत्त्यांना चौथी बाई लागतेच, तुला मी शिकवीन. त्याच्या पुढच्याही रविवारी ये. माझ्या शेजारची खोली परवा रिकामी झाली, ऊन चांगलं येतं. व्यवस्थापकांना सांगून दार उघडं ठेवायला लावलंय. जेवण झालं की नुसती जाऊन बसत जा. घाई काही नाही.

कलिंगड मी आणून ठेवते.

तुझी,
आई