बाई, आपली गाडी चालली

प्रिय बाई,

सगळं गाव तुला बाई म्हणायचं, म्हणून मीही म्हणत आलो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा केवढी चिडली होतीस! "शाळेत बाई, घरीबी बाई! माह्यं प्रमिला नाव मंग कायले ठेवलं?" पण सवय लागली ती लागलीच.

आज लिहायला बसलो, कारण काल आपली गाडी वावरात चालली. खरी, लोखंडाची गाडी. कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत. घरी आलो आणि कोणाला सांगावं ते सुचेना. रूपाला नागपूरला फोन केला. पोरगी खूश झाली, पण तिला दवाखान्यात ड्यूटीवर जायचं होतं. मग राहिलीस तू.

तू हसशील. माणूस गेल्यावर मागं काही उरतं, असं आपण दोघंही मानणारे नाही. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला भंतेजींनीही तेच सांगितलं आणि मी मान डोलावली. मग हे पत्र कोणाला, असं विचारशील ना? मला नाही सांगता येत. "बोला कसंही, लिहिताना मात्र शुद्ध लिहा," असं तू म्हणायचीस. जमेल तेवढं शुद्ध लिहितो आहे. चुका काढू नकोस.

ते वर्ष आठवतं? बोंडअळीचं? पऱ्हाटी डोक्यावर गेली होती आणि जो तो पाठीवर पंप बांधून औषध मारत होता. औषध मारायचं आणि त्याच ओल्या पानांतून अंग घासत पुढं जायचं! मीही तोंडाला फडकं बांधून गेलो. दुपारी डोळ्यांपुढं धुकं आलं. धुऱ्यावर बसलो तो उठलोच नाही. शुद्धीवर आलो तेव्हा यवतमाळच्या दवाखान्यात होतो आणि तू उशाशी बसून पोरांच्या वह्या तपासत होतीस. नवरा मरतो की जगतो, आणि बाईंचा लाल पेन चालूच! मला रागच आला होता. पुढं रूपानं सांगितलं, त्या दिवशी तू साऱ्या पोरांना पैकीच्या पैकी देऊन टाकले होतेस. एकही गणित वाचलं नव्हतंस.

मला घरी आणलंस, पण मी काही माणसात नव्हतो. नजर अंधुक. बोटं अशी थरथरायची की सदऱ्याची गुंडी लागत नसे. डॉक्टरांनी वावरात पाय टाकायला मनाई केलेली. बाजेवर बसायचं आणि भिंत पाहायची, एवढंच काम. एकदा मी म्हणालो, "पुढच्या फवारणीले मजूर लावू."

तू भाकरी थापत होतीस. हात थांबला.

"म्हंजे दुसऱ्या कोनाचा नवरा?"

मजुराचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तू शाळेतून ती पेटी घेऊन आलीस. कोण्या संस्थेनं शाळेला दिलेली. प्लास्टिकचे रंगीत ठोकळे, एकात एक खटकन बसणारे. सोबत दातेरी चाकं, दांड्या, सेलचा डबा आणि बोटभर लांबीच्या मोटारी. ठोकळे हरवतील म्हणून हेडसरांनी पेटी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तू भांडून काढलीस. "पोरायले खेळाले आली न सर? मंग पोरायपासूनच काहून लपवता? मी सुट्टीत शिकतो, मंग त्यायले शिकवतो."

घरी येऊन सारे ठोकळे माझ्या बाजेवर ओतलेस. "माह्याच्यानं होत नाई हे. पाहा बरं जरा."

"मी का लेकरू हाव?" म्हणून मी तोंड फिरवलं.

तू अर्धी गाडी तशीच टाकून दळण आणायला गेलीस. एक दातेरी चाक उलटं बसवलेलं. मला अंधुक डोळ्यांनीही दिसत होतं! माणूस किती वेळ तिकडं न पाहता राहील? काढलं शेवटी. दांडी भोकात जाता जाईना, बोटं ऐकेनात. दोनदा ठोकळे खाली सांडले, मी शिव्या दिल्या, पुन्हा उचलले. पण गेली एकदाची दांडी. तू आलीस, गाडीकडं पाहिलंस. दळणाचा डबा ठेवलास आणि दुसरं चाक माझ्या पुढ्यात सरकवलंस.

बाई, ते चाक तू मुद्दाम उलटं बसवलं होतंस का? विचारायचं राहूनच गेलं बघ.

मग तर आपल्याला वेडच लागलं. तुझी गाडी आणि माझी गाडी, स्वयंपाकघराचा उंबरा कोणाची चढते! तुझी गाडी सुसाट यायची, उंबऱ्यावर आपटायची आणि चाकं वर करून पडायची. मी मोटारीला लहान दातेरी चाक लावलं आणि त्यानं मोठं चाक फिरवलं. गाडी गोगलगाय झाली, पण अंगात जोर आला. पुढची चाकं चढलीसुद्धा! आणि मधलं पोट उंबऱ्यावर टेकलं. चारी चाकं हवेत फिरताहेत, गाडी जागची हलत नाही.

"मालकावर गेली!" तू ओरडलीस. "पोट अडकलं!"

हसताना तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या दिवशी मीही हसलो. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा. तेव्हा तू एकदम हसायची थांबलीस आणि माझ्याकडं पाहत राहिलीस, ते काही मी विसरलो नाही.

फवारणीची गाडी करायची हे तुझंच डोकं. "आता खेळ पुरे झाला," म्हणालीस. "मानूस पुढं अन् औषध मागं, अशी गाडी करा. अंगावर थेंब नाई आला पायजे." अंगणात माती पसरून तू पऱ्हाटीच्या काड्या ओळीनं रोवल्यास. दोन ओळींमधून जायचं म्हणजे गाडी अरुंद हवी, आणि शेंड्यापर्यंत औषध पोचायचं म्हणजे उंच हवी. अरुंद आणि उंच! पहिली गाडी उभी करताच पडली. दुसरी चालताना पडली. मी म्हटलं, उंट आहे हा, गाडी नाही. तू रुसलीस. मग मला सुचलं, वजन खाली घ्यावं. सेलचा डबा वरून काढून चाकांच्या मधे बसवला. आता फवाऱ्याचे नुसते दोन हात वर, मागच्या बाजूला पसरलेले. लांब वायरीच्या टोकाला बटण धरून तू पुढं चालत होतीस, आणि गाडी गुरगुरत काड्यांमधून तुझ्या मागं येत होती. कोंबड्या पळाल्या! तू अंगणात टाळ्या वाजवल्यास. जिल्हा परिषदेची मास्तरीण!

मीच तेव्हा पाण्याचा तांब्या आणून ओळीत ओतला. तू म्हणालीस, "कायले?" मी म्हटलं, "पावसाच्या दिवसात फवारनी नाई का होत?" काळ्या मातीचा चिकट गारा चाकांना धरला आणि गाडी जागेवर रुतली. तुझं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं मला. पण आपल्या वावरातली माती काही अंगणातल्या कोरड्या मातीसारखी गुणाची नाही, हे तुला कधीतरी कळणारच होतं ना?

आणि ते पुसदचं विज्ञान प्रदर्शन! पोरांनी गाडी काय झोकात चालवली. परीक्षक साहेबांनी विचारलं, "प्रत्यक्ष शेतात चालेल का ही?" तू मला पालक म्हणून सोबत नेलं होतंस. तू तोंड उघडायच्या आत मी बोलून गेलो.

"कोरड्यात चालन साहेब. ओल्यात नाई चालत. चाकाले गारा धरते."

साहेब हसले आणि पुढच्या टेबलाकडं गेले. बक्षीस मिळालं एका ज्वालामुखीला. यवतमाळ जिल्ह्यात ज्वालामुखी!

परतताना एसटीत तू खिडकीबाहेर पाहत बसलीस. मी शेंगदाण्याची पुडी पुढं केली, घेतली नाहीस. उमरखेड आलं तेव्हा बोललीस.

"खरं बोलले याचा राग नाई मले. मीबी तेच सांगनार होती. पन त्याच्यापुढं मी रुंद चाकाचं सांगनार होती न! तुमी अर्धंच बोलले अन् साहेब निंगून गेले."

मी म्हटलं, "मंग आता सांग. मले सांग."

आणि तू ढाणकी येईपर्यंत मला रुंद चाकाचं सांगितलंस. पत्र्याची पट्टी कशी गुंडाळायची, गारा खरवडायला मागं पातं कसं लावायचं. सगळे शेंगदाणेही तूच खाल्लेस.

मात्र एका गोष्टीचा मला अजून राग आहे. प्रदर्शन आटोपलं तशी तू गाडी मोडलीस. ठोकळे शाळेचे म्हणून एकेक मोजून पेटीत भरलेस. मी म्हटलं, हीच एक राहू दे. "पोरायचे हायेत ते," म्हणालीस. बरोबरच होतं तुझं. बरोबर असण्याचा तुला रोगच होता! पण निदान एक फोटो तरी काढायचा होतास. खूप दिवस अंगणातल्या त्या काड्याच नुसत्या उभ्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यात तू पिवळी पडायला लागलीस. मी म्हटलं, डोळे पाहा आरशात. तू म्हणालीस, चाचणी परीक्षा होऊन जाऊ दे. रोज अंगात ताप घेऊन शाळेत जात होतीस. मला बाजेवर बांधून ठेवणारी तू! दुसऱ्याला सांगायची डॉक्टरी स्वतःला का नाही लागू केलीस गं? यवतमाळला नेलं तेव्हा कावीळ पार आत गेलेली. यावेळी उशाशी मी होतो. माझ्याजवळ तपासायला वह्या नव्हत्या. मी तुझा हात धरून बसलो, आणि तू झोपेत बोटं अशी हलवत होतीस जशी काही दांडी भोकात घालते आहेस. की मलाच तसं वाटलं?

तू गेल्यावर मी माणसांशी बोलणं टाकलं. भांडण नव्हतं कोणाशी. लोक यायचे, बसायचे, मी हूं हूं करायचो. हळूहळू यायचे थांबले. कापूसही लावला नाही. तूर, सोयाबीन टाकलं आणि दिवस काढले. यंदा पुन्हा पऱ्हाटी लावली तेव्हाच ठरवलं होतं, पंप पाठीवर घ्यायचा नाही.

ढाणकीच्या वेल्डिंगवाल्याकडं गेलो. दाखवायला गाडी नव्हती, म्हणून त्याच्या बाकावर काडेपेट्या मांडल्या. तो म्हणे, "काका, हे हाय तरी काय? बिनबैलाची बंडी?" मी म्हटलं, तसंच समज, आणि बैल मी. जुन्या सायकलींची चार चाकं घेतली, दोन पुढं, दोन मागं, दोन ओळींमधे मावतील अशी अरुंद. टाकी खाली, चाकांच्या मधे. त्यानं ती वर ठेवायचा हट्ट धरला, मी ऐकलं नाही. चाकांवर पत्र्याच्या पट्ट्या, मागं खरवडायचं पातं. सगळं तू एसटीत सांगितलंस तसं. मोटार आहे ती फक्त औषध फेकायला. ओढायचं मीच, पुढून, लांब दांडा धरून.

आधी नुसतं पाणी भरून पाहिलं. काल औषध भरलं. वारा समोरून होता. जमीन जराशी ओलीच होती. दांडा ओढला. गाडी कुरकुरली, एका बाजूला कलली, सावरली आणि निघाली. मी मागं पाहिलंच नाही, पाहिलं तर पडेल असं वाटत होतं. मधे एकदा रुतली. पातं गाऱ्यानं भरलं होतं. काडीनं साफ केलं, पुन्हा ओढली. धुऱ्यावर पोचलो तेव्हा वळून पाहिलं. दोन्हीकडची पानं शेंड्यापर्यंत ओली. आणि माझा सदरा कोरडा! बाई, पाठीला हात लावून लावून पाहिलं मी. कोरडा!

आता गाडी वळवायची. आणि ती वळेना. चारी चाकं सरळ, दांडा लांब, जागा अरुंद. एकानं पुढून उचलावं आणि एकानं मागून, तेव्हा वळेल. मी पुढचा दांडा उचलला आणि इतका खुशीत होतो की मोठ्यानं ओरडलो, "बाई, मागून धर वं!"

ओरडलो आणि तसाच उभा राहिलो. दांडा हातात. खाली ठेवायचंही सुचेना.

पलीकडच्या वावरातून गोविंदा आला. तू गेल्यापासून मी त्याच्याशी धड दोन वाक्यं बोललो नव्हतो. त्यानं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. चप्पल काढून धुऱ्यावर ठेवली, गाडीच्या मागं गेला आणि म्हणाला, "कोठून धरू भाऊ, सांग."

मी सांगितलं. गाडी वळली. तो पुढची ओळही सोबत आला, आणि त्याच्या पुढचीही.

तर बाई, वळायचं काही तू मला सांगून गेली नाहीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या नव्या गुरुजींकडून पेटी मागून आणणार आहे. बाजेवर ओतून बसेन आणि वळणारी गाडी जमवूनच उठेन. बोटं अजून थोडी थरथरतात, पण दांडी जाते भोकात. आणि जमेपर्यंत, ओळ संपली की ज्याचं वावर जवळ असेल त्याला हाक मारीन. लाजणार नाही. गप्प राहणार नाही. हा शब्द देतो तुला.

तुझा,
सुधाकर